सात वार, सात घरं

मी शिंपी. लोकांची मापं घेता घेता गल्लीतल्या माणुसकीचंही माप मीच काढायला गेलो, तिथे फसलो.

आमची इस्त्रीवाली तापाने गेली. मागे दोन मुली, थोरली नऊची, धाकटी चारची. बाप आधीच गेलेला. सगळी गल्ली हळहळत उभी असताना मी कापड बेतायच्या टेबलावर खडूने सात रकाने आखले. सात वार, सात घरं. सोमवारी लोहाराकडे, मंगळवारी मास्तरीणबाईंकडे, असं करत रविवारपर्यंत. त्यात माझं घर नव्हतं. देखरेख नको का कोणी करायला?

"देखरेख म्हणे!" बायको म्हणाली. "काम लोकांचं आणि मिरवणं तुमचं."

तिला यातलं काही कळत नाही, असं मी तेव्हा ठणकावून सांगितलं. रोज संध्याकाळी कानावर पेन्सिल खोचून मी त्या वाराच्या घरी हजर. जेवलात का? काय जेवलात? खोकला गेला का? कागदावर खूण करायची आणि ताठ मानेने परतायचं. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नाही. गल्लीत लोक मला नमस्कार करू लागले, आणि मीही तो बिनदिक्कत घेऊ लागलो.

मग चौकशीला बालकल्याण खात्याच्या बाई गल्लीत आल्या, तशी मुलींसह सगळी गल्ली जमली. मी दोन रंगांच्या शाईत काढलेलं वेळापत्रक पुढे केलं. बाईंनी ते नीट वाचलं.

"छान आहे. पण मुली राहतात कुठे?"

"सगळीकडे!" मी छाती फुगवून म्हणालो.

"म्हणजे कुठेच नाही. काका, एक घर लागतं, एक जबाबदार माणूस लागतो. नाहीतर संस्थेत न्यावं लागेल. आणि वयातल्या फरकामुळे दोघींना दोन वेगळ्या संस्थांत."

थोरलीने धाकटीचं मनगट घट्ट धरलं. माझी छाती कधीच खाली बसली होती. शहाणपणा मी केला आणि ताटातूट पोरींची होणार!

बाईंनी थोरलीला जवळ घेतलं. "रात्री बरं वाटेनासं झालं तर कोणाला हाक मारशील?"

मास्तरीणबाई म्हण गं बाई, मी मनात म्हटलं, त्यांच्याकडे चार खोल्या आहेत. पोरीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"शिंपीकाकांना. बाकीचे त्यांच्या वारी विचारतात. काका रोज विचारतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पोरीला काय ठाऊक, मी कशासाठी विचारत होतो ते!

"आमचं घर लहान आहे हो," मी पुटपुटलो.

"पुरेल," मागून बायको म्हणाली. "अहो, बाईंच्या कागदावर सही करा आधी."

केली. एवढी वाकडी सही मी जन्मात केली नसेल.

घरी आल्यावर धाकटी उंबऱ्याशीच थांबली. पायातल्या चपला काढेना.

"उद्या कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. इथेच."

"परवा?"

"इथेच."

"आणि मग बुधवारी?"

तिला सगळे वार तोंडपाठ होते. मीच पाठ करून घेतले होते ना! एकेक वार घेऊन ती विचारत राहिली, मी "इथेच" म्हणत राहिलो. शुक्रवारपर्यंत आलो. तेव्हा बायकोने खाली बसून तिच्या चपला काढल्या.