दहापैकी किती

एमआरआयचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सुकदेवनं पेढे आणले होते. यात त्याचं फार चुकलं असंही म्हणता येणार नाही. बायकोची मान आणि उजवा खांदा वर्षानुवर्षं ठणकतो, डॉक्टर झाले, मालिश झाली, देवाधर्माचं झालं, आणि शेवटी एवढं मोठं मशीन सांगतं की आत सगळं ठीक आहे. मग माणूस पेढे नाही आणणार तर काय करणार? सुरतेच्या डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीत त्यानं घरोघरी पेढे दिले. भागीरथीनंही एक तोंडात टाकला, डाव्या हातानं. त्या दिवसापासून तिला दुखायची चोरी झाली.

त्याआधी निदान 'बिचारी' तरी म्हणायचे. आता ती खांदा धरून बसली की घरातलं कुणी ना कुणी म्हणायचंच, "पन रिपोर्ट तं नॉर्मल शे ना!" सून गायत्री बोलायची नाही, पण ताटं जरा जोरात ठेवायची. भागीरथी मूग गिळून साड्यांचं गाठोडं पुढ्यात ओढायची. घरी आणून साड्यांना चमचमत्या टिक्या चिकटवायचं काम, मान खाली ती खाली. दुखण्यापेक्षा ते लपवण्यातच ती जास्त थकून जायची.

आणि तिचं एक वेड होतं. महिन्यातून एखादा दिवस खांदा गप्प राहायचा. तेवढा दिवस मिळाला की ही बाई गोधड्या धुवायची, माळा झाडायची, राहिलेल्या साड्या संपवायची. मागच्या सगळ्या दिवसांची भरपाई एका दिवसात. दुसऱ्या दिवशी हात उचलायची सोय नाही, अंथरुणात पडून. मग लोक म्हणणार, काल तर गोधड्या पिळत होती! म्हणजे बरा दिवसही तिच्यावरच उलटायचा.

लग्न होऊन नवसारीला गेलेल्या लेकीनं, सोनालीनं, फोनवर भांडून तिला पर्वत पाटियाजवळच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पाठवलं. तिथं जुन्या दुखण्याचा वेगळा विभाग होता. आजवर एका डॉक्टरनं दुसऱ्याकडे आणि दुसऱ्यानं तिसऱ्याकडे पाठवायचं, याची भागीरथीला सवय. इथं तिघं एकाच टेबलाभोवती बसलेले: डॉक्टरबाई, व्यायाम शिकवणाऱ्या वर्षाबेन, आणि मनाचं विचारणारे नितीनभाई. एकमेकांचं ऐकत होते, हे विशेष.

"मासी, दहापैकी किती दुखतं?" वर्षाबेननं विचारलं.

"सात," भागीरथी म्हणाली, आणि आता रिपोर्टचं निघेल म्हणून मान खाली घालून बसली. कुणी तो विषय काढला नाही. डॉक्टरबाई फक्त म्हणाल्या, "रिपोर्ट नॉर्मल आहे. दुखणंही खरं आहे. दोन्ही एकदम असू शकतं." भागीरथीला तिथंच, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, रडू फुटलं. पदरानं डोळे पुसून तिनं उगाच पंख्याकडे पाहिलं.

व्यायाम साधे होते. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, खांदे मागे घ्यायचे, श्वास सोडायचा. अवघड होती ती एकच गोष्ट. वर्षाबेन म्हणाल्या, "मासी, दर्द होने के बाद नहीं रुकना. अच्छा लग रहा है, तभी रुकना." भागीरथीनं मान डोलावली, पण मनात म्हणाली, बरं वाटत असताना हातातलं काम टाकून उठणारी बाई हिनं आमच्या गल्लीत दाखवावी.

मग त्यांनी घरातलं एक माणूस आणायला सांगितलं. सुकदेव लूमच्या कारखान्यातली रातपाळी करून, तांबारलेल्या डोळ्यांनी, जिवावर येऊन आला. वर्षाबेननं नेहमीचा प्रश्न विचारला.

"चार," भागीरथी म्हणाली.

वर्षाबेननं तिच्याकडे पाहिलं, मग सुकदेवकडे. नितीनभाईंनी सुकदेवला त्याच्याच कामाचं विचारलं. धागा तुटला की लूम आपोआप थांबतो, खरं ना? आणि धागा न तुटताच थांबला तर?

"होता है साब, कभी कभी," सुकदेव जरा सावरून बसला. "धागा सब बराबर, फिर भी मशीन बंद."

"मग मशीन खोटं बोलतं का?"

"खोटं कशाला? बंद मतलब बंद. मारके थोड़ी चलता है! थोड़ा चलाव, बंद करो, फिर थोड़ा चलाव..." एवढं बोलून तो मध्येच थांबला. रिक्षात घरी येईपर्यंत तो बाहेरच बघत राहिला. झोप आली असेल, असं भागीरथी धरून चालली.

वैशाख लागला आणि आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. खानदेशातल्या माणसांना सुरतेत कितीही वर्षं होवोत, आखाजीला लेकीबाळी माहेरी येणार, आमरस होणार आणि खापरावरची पुरणपोळी होणार. ती पोळी लाटण्याची नव्हेच. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या उपड्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. सगळा खेळ खांद्यांचा. भागीरथीच्या पोळीचं गल्लीत नाव होतं. सुकदेवची थोरली बहीण मालतीबाई दरवर्षी त्यासाठीच उधन्याहून यायची, आणि तसं बोलूनही दाखवायची.

यंदा भागीरथीला रात्र रात्र घोर लागला होता. पोळ्या केल्या तर हिला काही झालेलं नाही, हे सगळ्यांदेखत सिद्ध झालं. नाही केल्या तर कामचुकार. दोन्हीकडून तीच खोटी ठरणार. लेक सोडली तर इतक्या वर्षांत कमावलेलं एक माणूस तिच्या बाजूला नव्हतं, आणि या विचारानं ती खांद्यापेक्षा जास्त खचली.

गच्चीवर चूल पेटली. नेमका तो बरा दिवस निघाला. पहिली पोळी हातांवर अशी पसरली की सोनालीनं मोबाइल काढला. दुसरी, तिसरी, चौथी. खांदा गप्प होता. हात मागत होते, अजून एक, अजून एक. जुनी भागीरथी असती तर परात संपवूनच उठली असती.

तिनं हात धुतले आणि खुर्चीत जाऊन बसली.

"काय व्हयनं?" मालतीबाईचा घास हातातच राहिला. "हात दुखना का?"

"नही, बाई."

"मंग काबर थांबनी?"

"नही दुखत, म्हनीसनच थांबनू."

मालतीबाईनं सगळ्यांकडे बघत भुवया उडवल्या. गायत्री परातीपाशी बसली. तिची पहिली पोळी हातावरच फाटली, पुरण मनगटावरून ओघळलं. भागीरथीचे कान तापले. उठावं आणि उरलेल्या करून टाकाव्यात, असं तिला दहादा वाटलं. पाय खुर्चीला घट्ट लावून ती बसून राहिली.

सुकदेवला बहिणीशी भांडता आलं नाही. तेवढी त्याची छाती कधीच नव्हती. त्यानं खापरावरची पोळी आपल्या ताटातून उचलून मालतीबाईबरोबर आलेल्या भाच्याच्या ताटात ठेवली. "गायत्री, माले तव्यावरनी दे," तो म्हणाला. "समदासले तव्यावरन्याच कर आते."

मालतीबाई जाताना नीट बोलली नाही. ती आता वर्षभर हे उधन्यात सांगणार होती, आणि तिला कुणी थांबवू शकणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथी पायरीवर बसून भिंतीला बोटं लावत होती. खांदा जागा झाला होता. दरवर्षी आखाजीनंतर हात आठवडाभर गळ्यात असायचा; यंदा वर जात होता, पण दुखत दुखतच. वेळेवर थांबूनही दुखतंच म्हटल्यावर तिला सगळ्याचाच कंटाळा आला.

रातपाळीवरून सुकदेव आला. चपला काढता काढता थांबला, घसा खाकरला.

"सोनालीनी माय," तो म्हणाला, "दहामाईन कितलं?"

हे त्यानं आजवर कधी विचारलं नव्हतं. 'चार' तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं.

"सात."

सुरतेत जन्म काढलेला माणूस सातचे चार केल्याशिवाय सोडत नाही. सुकदेवनं घासाघीस केली नाही. डबा बाजूला ठेवला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला.

"सात," तो म्हणाला.