सहा दिवसांची बोली

"गाणं सोडून बाकी सगळं चालेल," असं म्हणत इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या ज्युलियाने कागद टेबलावरून अॅग्नेसपुढे सरकवला. "बँड नाही, गाणं नाही, भाषण नाही. शांतपणे आत यायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि शांतपणे बाहेर पडायचं. रविवारची सकाळ असते हो. इथल्या लोकांना झोपायचं असतं."

"अकरा वाजता?" अॅग्नेसने विचारलं.

"अकरा वाजतासुद्धा."

पाद्री ओड्युरो घसा खाकरून काही बोलणार होते, तेवढ्यात ज्युलियाचा फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणून ती काचेच्या भिंतीपलीकडे गेली.

अॅग्नेस हॅलिवेल हातातली पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. या खोलीत ती काही पहिल्यांदा आली नव्हती. प्रॉव्हिडन्स मिल चालू होती तेव्हा इथे कापड तपासनीस बसे, आणि विणीत एक धागा जरी चुकला तरी कामकरणीला बोलावून तिचं कापड तिच्याच पायाशी फेके. तेव्हा उभं राहावं लागायचं, आज खुर्ची मिळाली होती, एवढाच काय तो फरक. मिल बंद होऊन सव्वीस वर्षं झाली होती. चार मजली इमारतीत आता महागडी घरं झाली होती आणि मागचं साचेखातं, म्हणजे मागांची शेड, पाडून तिथे पांढऱ्या खड्यांचं अंगण केलं होतं. फाटकावर अजून 'प्रॉव्हिडन्स' हे नाव होतं. विधात्याची कृपा नावापुरती ठेवली होती म्हणायची.

काचेपलीकडे ज्युलिया पाठमोरी होती. बोलता बोलता ती वळली. काच जाड होती, अक्षर ऐकू येत नव्हतं. पण अॅग्नेसला ऐकू येण्याची गरजच नव्हती.

*हो, बसलेत समोर,* ज्युलियाचे ओठ म्हणत होते. *नाही, वाद कशाला? दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. सगळी म्हातारी माणसं. आपोआप मिटेल.*

शेजारी बसलेल्या बर्थाने टेबलाखालून कोपर मारलं. बर्थाही तिच्याच साचेखात्यातली. ओठ नुसते हलवून तिने विचारलं, *वाचलंस?*

*वाचलं.*

*मिटेल म्हणे.*

*मिटवते मी.*

पाद्री बिचारे खिडकीबाहेर बघत होते. दोन बायांमध्ये एवढं बोलणं होऊन गेलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. ते होते घानाचे, रॅम्सक्लफ गावात येऊन चारच वर्षं झालेली. आठशे साचे एकदम चालू असले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, हे त्यांना कोण सांगणार? पण म्हणून बाया गप्प बसतात का? ओठ मोठे करून, भुवया उडवून, छातीवर हात नेऊन त्या बारा-बारा तास बोलत. बाळंतपणं, भांडणं, कुणाचा नवरा कुठे दिसला, सगळं काही. त्या बोलीला 'मी-मॉ' म्हणत. सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा दिवस हीच बोली. सातव्या दिवशी मात्र चॅपलमध्ये त्याच बायांचा गळा असा काही सुटे, की छपराची कौलं जागा सोडतात की काय असं वाटे.

ज्युलिया परत आली. बाई वाईट नव्हती. तिने तिघांना चहा दिला होता, बिस्किटं दिली होती. "मग, काय ठरलं?"

"पेन द्या," अॅग्नेस म्हणाली.

तिने कागद शेवटपर्यंत वाचला आणि ठळक अक्षरात सही केली.

फाटकाशी आल्यावर पाद्रींना राहवलं नाही. "अॅग्नेसबाई, मला वाटलं होतं तुम्ही कागद फाडून टाकाल."

"कागद कशाला फाडायचा, पाद्रीसाहेब? चांगला कागद आहे. गायचं नाही असं लिहिलंय. नाही गाणार."

फाटकावरच्या खोलीतून क्लिफर्ड टॅटर्सॉल बाहेर आला. छप्पन वर्षांचा, पोट सुटलेला, छातीवर रखवालदाराचा बिल्ला. मिल चालू असताना तो इथे जॉबर होता. साचे बिघडले की दुरुस्त करायचे, हे त्याचं काम.

"वहीत बाहेर गेल्याची वेळ लिहायची असते, अॅग्नेसबाई."

"चौदाव्या वर्षी या दारातून आत आले मी. तेव्हा तू जन्मलाही नव्हतास, क्लिफ. आता तू माझी वेळ लिहितोस?"

"हुकूम आहे. मी काय करू?"

"कर की काहीतरी!" बर्था म्हणाली. "माझा तिसरा साचा दुरुस्त करायला आलास आणि चौथा मोडून गेलास. एवढं जमायचं तुला, मग हे फाटक नाही का मोडता येत?"

"झाली त्याला तीस वर्षं, बर्था!"

"कापड अजून वाकडंच आहे रे लेका."

क्लिफ हसला. पण अॅग्नेसच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं. "विनीसाठी ना?" त्याने हळूच विचारलं.

अॅग्नेसने मान हलवली.

विनी क्रॉशॉ आणि अॅग्नेस. एकतीस वर्षं दोघी समोरासमोर, मध्ये जेमतेम माणूस वळेल एवढी वाट. चार साचे हिचे, चार तिचे. एकीने धोट्यात कांडी भरायला मान खाली घातली की दुसरीने दोघींच्या साच्यांवर नजर ठेवायची, असा अलिखित करार. दोघींनी लग्नं केली, दोघींचे नवरे वारले, आणि एकतीस वर्षांच्या त्या धडधडाटाने दोघींचे कान खाल्ले. विनीचे तर पुरतेच. शेवटची दहा वर्षं तिला ढगांचा गडगडाटही ऐकू येत नव्हता.

फेब्रुवारीत दवाखान्यात तिच्या घशात नळी घातली होती. नर्स कागद-पेन्सिल घेऊन आली. विनीने ते बाजूला सारलं, अॅग्नेसला हाताने जवळ बोलावलं आणि ओठांनी सांगितलं, *माझं गाणं यार्डात म्हणा. चॅपलमध्ये नको.*

*का गं?*

*चॅपलला मी कधी वेळेवर पोचले का? देवाला वाटेल दुसरीच कोणीतरी आहे.*

यार्डातलं गाणं ही रॅम्सक्लफची शंभर वर्षांची रीत. जूनमधल्या त्या रविवाराला 'प्रवचनांचा रविवार' म्हणत. नाव प्रवचनांचं, पण प्रवचन कुणाच्या लक्षात राहिलंय? लोक जमायचे ते गाण्यासाठी. एबेनेझर चॅपलपासून पांढऱ्या कपड्यातल्या मुली, रेशमी निशाण, पितळी बँड अशी मिरवणूक निघे, आणि मिलच्या यार्डात, साचेखात्याच्या दारात येऊन थांबे. वर्षभरात जी कामकरीण गेली असेल तिचं नाव घ्यायचं आणि गाणं म्हणायचं. गाणं याच गावातलं, चालही इथल्याच एका जॉबरने बांधलेली. गावाबाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि गावाला त्याची खंतही नव्हती.

*हात थकले, माग थांबला,*
*तुटला धागा, तूच सांध.*

यंदाचं नाव विनी क्रॉशॉ. आणि एकदा का वाट मोडली की पुढच्या वर्षी नाव घ्यायला तरी कोण येणार होतं? आपोआप मिटणार होतं सगळं.

रविवारी वारा होता, पण पाऊस नव्हता. चॅपलमधून निघताना अॅग्नेसने मोजले. चाळीस डोकी, त्यात साचेखात्यातल्या चौघीच. निशाणाच्या दोऱ्या धरायला पूर्वी बारा मुली लागत. आज दोऱ्या धरल्या होत्या बर्थाने आणि आणखी दोघींनी. चौथी दोरी मोकळी सोडली होती, ती वाऱ्यावर हलत होती. बाजारातून, दुसऱ्या एका जुन्या गिरणीच्या जागी झालेल्या दुकानांपुढून, बंद पडलेल्या स्नानगृहावरून बँड जोरात वाजत आला. फाटकाशी येऊन थांबला. वाजवणाऱ्यांनी निमूटपणे वाद्यं खाली केली.

आत ज्युलिया उभी होती, हातात तो कागद. शेजारी क्लिफ.

अॅग्नेस वळून लोकांना सामोरी झाली.

"ऐका. मी लिहून दिलंय, गाणार नाही. आणि एबेनेझरची माणसं दिला शब्द पाळतात. तेव्हा आवाज काढायचा नाही. एकाचाही नाही." मग ती थांबली. "पण तोंड उघडायचं. पूर्ण उघडायचं. चारही कडवी, एकही शब्द गाळायचा नाही. बाकीच्यांना जमेल तसं. आम्ही चौघी पुढे राहू. आमच्याकडे बघा."

पाद्री ओड्युरोंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू उमटलं, त्याची गोष्ट पुढे किती तरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते.

साचेखात्याचा एकच लोखंडी खांब अंगणात शोभेला म्हणून ठेवला होता. त्याला करडा रंग फासला होता, पण रंगाखालचा नऊचा आकडा बोटांना लागत होता. विनीचे साचे नवव्या खांबाच्या डावीकडे. अॅग्नेस तिथे जाऊन उभी राहिली. पायांखाली पांढरे खडे करकरले. तिने खांबावर तळहात ठेवला. लोखंड थंड होतं. इतक्या वर्षांत तो खांब असा स्थिर लागल्याचा हा पहिलाच दिवस. पूर्वी तो सारखा थरथरत असे, मांजरासारखा.

पाद्रींनी नाव घेतलं, तेही ओठांनीच. मग हात वर केला आणि खाली आणला.

चाळीस तोंडं उघडली.

*हात थकले, माग थांबला...*

चौघी पुढे होत्या. ओठ ताणून, जबडा उघडून, भुवया उंच करून, आठशे साच्यांच्या गदारोळातही पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा तऱ्हेने. मागे बाकीचे. बँडमधला एक म्हातारा वाद्य न फुंकता त्याच्या कळा बोटांनी दाबत होता, अगदी बिनचूक. पाद्रींचा हात ताल धरत होता. कुठे एक सूर नव्हता आणि तरीही त्या शांततेला चाल होती. दोन ओळींच्या मधे सगळे एकदम श्वास घेत, आणि चाळीस छात्यांचा तो श्वास तेवढा अंगणभर ऐकू येई.

वरच्या गॅलरीत एक माणूस झोपेच्या कपड्यांतच कॉफीचा मग घेऊन बाहेर आला. बघत राहिला. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ बंद केला. आणखी एक खिडकी उघडली.

ज्युलिया पुढे झाली. "क्लिफर्ड, थांबवा त्यांना. गायचं नाही असं ठरलं होतं."

"मला तर काही ऐकू येत नाही, मॅडम. तुम्हाला येतंय?"

"अहो, पण ते... श्वास ऐकू येतोय!"

"श्वास घ्यायला कागदात मनाई नाही." क्लिफ तिच्याकडे बघतही नव्हता. "मी कालच वाचला."

ज्युलियाने कागदाकडे पाहिलं, वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. थांबवायला उचललेला हात तिने खाली घेतला. "पण ते म्हणताहेत तरी काय?" तिने विचारलं. या खेपेला तिचा आवाज अगदीच लहान झाला होता.

 क्लिफने डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, आणि तिसऱ्या कडव्याला त्याचंही तोंड उघडलं. जॉबरला बोलायचं काय कारण, असं म्हणत बायांनी त्याला कधी ती बोली शिकवली नव्हती. पण आपल्याला शिव्या कुठल्या घालतात हे कळायला म्हणून का होईना, तो चोरून शिकलेलाच होता.

चौथं कडवं संपलं. शेवटचा शब्द ओठांवर बराच वेळ धरायचा असतो, तो अॅग्नेसने धरला. दम पुरेपर्यंत धरला. मग घड्याळात बघून ती ज्युलियाकडे वळली आणि मोठ्याने, साचेखात्यातल्या बहिऱ्या बायकांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"नऊ मिनिटं झाली, बाई. एक मिनिट शिल्लक आहे. ते पुढच्या वर्षी वापरू."

वरून कुणीतरी हसलं. झोपेच्या कपड्यांतला माणूस टाळी वाजवायला गेला आणि हातात मग आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

लोक फाटकाकडे निघाले. निशाण वाकवून बाहेर नेलं. बाहेर पाय पडताक्षणी बँड जो सुटला, तो रस्त्यावरची कबुतरं उडाली.

अॅग्नेस सर्वांत शेवटी होती. फाटकाच्या अलीकडे ती थांबली आणि मागे वळली. अंगणात आता कुणी नव्हतं, फक्त खडे आणि खांब. रोज संध्याकाळी भोंगा झाला की साचे थांबत आणि विनी नेमकी तेव्हाच काहीतरी विसरलेली असे, कधी कात्री, कधी डबा. रोज अॅग्नेस दारात थांबून तिला एकच वाक्य म्हणे. तेच तिने आजही म्हटलं, ओठांनी.

*चल गं, शाल घे. वारा आहे.*

मग ती बाहेर पडली, मिरवणुकीच्या मागे, ताठ मानेने.

फाटक आपोआप मिटणारं होतं. ते मिटायला लागलं, तेव्हा क्लिफने मधे बूट घातला.

"सगळे गेले ना?" ज्युलियाने विचारलं.

"एक यायची आहे," क्लिफ म्हणाला, आणि पाय तसाच ठेवून टोपी हातात धरून उभा राहिला. माणसाला अंगण ओलांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.