लाकूड दिसता कामा नये

१९३८ साली मी नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि स्वतःला फार मोठा चित्रकार समजत होतो. कुहीकडच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, साचलेलं पाणी मला लाकडी ठशातून कागदावर उतरवायचं होतं. गांधीबागेजवळ रुपरावजी साड्यांचे ठसे कोरत आणि त्यांची बायको प्रयागबाई ते कापडावर छापत. मी हात धुऊन दोघांच्या मागे लागलो, तेव्हा कुठे ते तयार झाले.

सागवानाची फळी मी मुद्दाम तारेच्या ब्रशने घासली, म्हणजे लाकडाच्या रेघा वर येतील. रुपरावजींनी तिच्यात धुरे, म्हणजे शेताचे बांध, आणि बगळे कोरले. प्रयागबाईंनी शाई लावून कागद दाबला, उचलला, तर त्या रेघांचं चक्क पाणी झालं होतं. मी हरखून गेलो. प्रदर्शनात चित्राखाली तुम्हा दोघांचीही नावं टाकतो, असं सांगितलं. रुपरावजींचा चेहरा उतरला. संकोच असेल, असं मला वाटलं.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना गेलो, तर त्यांनी रंधा मारून ठशावरच्या सगळ्या रेघा साफ केल्या होत्या. धुरे होते, बगळे होते, मधलं लाकूड गुळगुळीत. माझं डोकंच फिरलं. प्रयागबाईंदेखत मी त्यांना अडाणी म्हणालो. अजून ते आठवलं की लाज वाटते.

रुपरावजी आवाज न चढवता बोलले. "चाळीस वर्षं झाले, मास्तर. छापल्यावर लाकूड दिसलं नाही, का लोक म्हणतात, हा रुपरावचा ठसा. दिसलं, का म्हणतात, कोण्या नवशिक्याचा आहे. तुम्ही खाली माह्यं नाव टाकून राहिले. मंग मी त्याले तसाच कसा सोडू?"

मी मान द्यायला निघालो होतो, आणि त्यांची अब्रूच चव्हाट्यावर मांडणार होतो.

नवा ठसा करायला वेळ नव्हता. तसंच छापलं आणि खाली तिघांची नावं लिहिली. प्रदर्शनात लोक कोरीव कामाची सफाई वाखाणत होते. रुपरावजी धुतलेलं धोतर नेसून प्रयागबाईंसोबत आले आणि बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले.

"पाणी गेलं, मास्तर," ते म्हणाले.

हे त्यांनी कबूल करावं म्हणून दोन दिवस मी तडफडत होतो, आणि आता मला ते ऐकवेना. लोक किती नावाजताहेत बघा, असं मीच त्यांना समजावू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"दुसरी फळी आणा. रंधा लावत नाही मी. अन् नाव माह्यं राहू द्या, लोकायले काय म्हणायचं ते म्हणू द्या."