पाठीवरची नोंद

"सेतुमाधवराव, हा शिपाई तुमच्या तंजावरकडचाच दिसतो," म्हणत कृष्णकांतने डब्याशेजारी कागद ठेवला, आणि सेतुमाधवाने दहीभाताचा डबा बाजूला सारला.

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या लष्करी कारखान्यात दोघे कारकून. युद्धातल्या शिपायांची प्रशस्तिपत्रं मद्रासभरच्या रद्दीतून हुडकायची आणि ज्याच्या नावाचं पत्र तो माणूस शोधायचा, हा नाद मूळचा सेतुमाधवाचा, अकरा वर्षांचा. पुण्याहून बदलून आलेल्या कृष्णकांतला त्यानेच तो लावला. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कागदाच्या पाठीवर शाईने लिहायचं, खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव, ही पद्धतही त्याचीच. आणि आता या काल आलेल्या माणसाला हवालदार तुकोजी जाधवांचं पत्र मिळावं? ब्रह्मदेशातल्या लढाईचं? याच कागदासाठी सेतुमाधव चार वर्षं रद्दीवाल्यांचे उंबरठे झिजवत होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

तुकोजी अजूनही मद्रासच्याच तिरुवल्लिकेणी भागात एका मॅन्शनवर, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीवर, पहारेकरी होता. पत्र गाडीत ट्रंकेसकट चोरीला गेलेलं. मरण्याआधी एकदा ते हातात यावं, एवढंच तो सेतुमाधवाजवळ बोलायचा.

हवालदार कुठे भेटतील, कृष्णकांतने विचारलं.

"वारले," सेतुमाधव म्हणाला. "मागंच."

म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, हे कशाला लपवा. पत्र त्या माणसाच्या हातात ठेवण्याचं सुख तरी कृष्णकांतला मिळणार नव्हतं.

चार दिवसांनी कृष्णकांतने एक बंद पाकीट आणून दिलं. हवालदारांच्या घरी कुणी असेल तर त्यांना द्या, माझ्या फायलीत ठेवून काय करू, म्हणाला. सेतुमाधवाला तो भलेपणाही सोसवेना. दुसऱ्याला सापडलेला कागद पुन्हा बघवणार नव्हता, म्हणून पाकीट न उघडताच त्याने तिरुवल्लिकेणी गाठली.

"सापडलं, मामा. मीच काढलं शोधून."

तुकोजीने हात धोतराला पुसले, पाकीट फोडलं. चष्मा लावून स्वतःचं नाव दोनदा वाचलं, डोळे टिपले. मग कागद उलटा केला आणि बोट फिरवत पाठीवरचं वाचू लागला. तिथे कृष्णकांतची नोंद होती, तारखेसकट, शिकवल्याबरहुकूम. 'हवालदार वारले. सांगणार सेतुमाधवराव. कागद सापडला कृष्णकांत यास.'

सेतुमाधवाची मान वर होईना.

"वय तर झालंच की माझं," तुकोजी शांतपणे म्हणाला. "पण मेलो ते मलाच सांगितलं नाहीस." त्याने हात पुढे केला. "पेना दे."

नोंदीखाली त्याने सावकाश लिहिलं, 'हजर.' तारीख घातली. सांगणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद पाकिटात सरकवून परत दिला.

"ज्याला सापडला त्याला दाखव जा. मग त्यालाच घेऊन ये की इथं."

एवढं बोलून तो दारातल्या स्टुलावर पाठ ताठ करून बसला. पेन त्याच्याच हातात राहिलं होतं. ते परत मागायचं धाडस सेतुमाधवाला झालं नाही.