जी.सी.एस. तीन

मांजरी गावातल्या पत्र्याच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर दीनबंधू महाराज बसले होते आणि शेजारी, गळ्यात हार घालून, मरून परत आलेला माणूस: दिगंबरराव, निवृत्त कारकून. मागे त्यांचा दवाखान्यातला केसपेपर फलकावर मोठा छापून लावला होता.

"इथं बघा," महाराज छडीने दाखवत होते. "जी.सी.एस. तीन. म्हणजे तीनच श्वास उरलेले. डॉक्टरांनी हात टेकले, मग आमचा अंगारा कपाळी लागला."

चैताली गर्दीतून पुढे सरकत होती. ती एका खासगी दवाखान्याच्या अपघात विभागात परिचारिका होती, आणि फलकावरचं अक्षर तिचंच होतं. पण ती आली होती रोहनसाठी. शेजारच्या सुंदराबाईंचा हा एकोणीस वर्षांचा मुलगा लहानपणापासून इन्सुलिनवर होता, आणि महाराजांनी तीन दिवसांपूर्वी ते बंद करवलं होतं.

रोहन आईच्या मांडीवर पडला होता. सकाळपासून उलट्या, श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. इन्सुलिन थांबल्याने रक्तात आम्ल साठल्याची ही लक्षणं चैतालीने ओळखली. याला आत्ताच न्यायला हवं, ती म्हणाली. सेवेकऱ्यांनी वाट अडवली. सुंदराबाईंनी फलकाकडे बोट केलं.

"मेलेल्याला उठवलं त्यांनी. माझा तर जिता हाय."

भांडत बसायला वेळ नव्हता. चैताली थेट दिगंबररावांसमोर गेली. "कागद आपला आहे. आपण हो म्हणालात, तर पूर्ण वाचते."

त्यांनी गोंधळून होकारार्थी मान हलवली.

"जी.सी.एस. म्हणजे शुद्धीचे गुण, पंधरापैकी. डोळे, बोलणं, हालचाल. कमीत कमी तीनच मिळतात. या खांबाला तपासलं तरी तीन. महाराजांनी खालच्या ओळी वाचल्या नाहीत. नाडी एकशे दहा, रक्तदाब एकशे तीस. मेलेल्याला रक्तदाब नसतो. साखर फक्त अठ्ठावीस, सत्तरच्या वर हवी; शुद्ध गेली ती त्यामुळे. दहा बेचाळीसला शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा एकोणपन्नासला रुग्णाने पाणी मागितलं."

मग तिने दिगंबररावांच्या पत्नीला, हेमाताईंना, विचारलं, अंगारा किती वाजता लावला?

"सेवेकरी अकरानंतर आला," हेमाताई म्हणाल्या. "हे तेव्हा चहा मागत होते."

साखर कशाने उतरली, तेही कागदावर होतं: मधुमेहाच्या गोळ्या चालू, दोन दिवस कडक उपवास. उपवास कोणी सांगितला, हे विचारावं लागलं नाही. दिगंबररावांनी महाराजांकडे बघत गळ्यातला हार काढून खाली ठेवला.

महाराज काहीतरी पाखंडाबद्दल बोलू लागले, पण सुंदराबाई उठल्या होत्या. या वेळी कोणी वाट अडवली नाही; दोघींनी रोहनला उचलून रिक्षात घातलं.

अपघात विभागात डॉक्टरांनी विचारलं, इन्सुलिन शेवटचं कधी घेतलं? सुंदराबाईंची मान खाली गेली.

"तीन दिस झाले. मीच बंद केलं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि सलाईन, इन्सुलिन सुरू केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोहन आईशी नीट बोलला.

अपघात विभागाचा कागद साधेच प्रश्न विचारतो. काय झालं, किती वाजता, काय दिलं, त्यानंतर काय बदललं? चमत्कार सांगणाऱ्यालाही हेच विचारा. आणि तो काहीही म्हणो, चालू औषध त्याच्या शब्दावर बंद करू नका.