पहिला घोट

"काका, हे पाणी आधी तुम्ही प्या आणि मग मला सांगा," असे म्हणत शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी पंपघराच्या पायरीवर कळशी अशी आदळली, की निम्मे पाणी मीटरकाकांच्या चपलांवर सांडले.

काकांनी पेला भरला, डोळे मिटून घोट जिभेवर घोळवला आणि गिळला. "गोड आहे. बाई, रागावून प्यायलं तर साखरही कडू लागते."

नळावरच्या बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. "या खाऱ्या पाण्यानं सकाळी चहा नासला माझा. चहावर काही मी रागावले नव्हते."

समुद्रकाठच्या विहिरीत गोडे पाणी वर असते आणि खारे त्याच्याखाली दबा धरून बसलेले असते. उपसा हाताबाहेर गेला, की खारे वर चढते. मग ते लवकर हटत नाही. पंप कुठे थांबवायचा, हे एकतीस वर्षे काकांची जीभ ठरवत आली होती. अर्ध्या तासाला एक घोट; खारटपणाची पुसट चाहूल लागली, की पंप बंद. म्हणून गावाने त्यांचे नाव मीटरकाका ठेवले होते. कचेरीने तपासणीचे यंत्र देऊ केले, तेव्हा "ते माझ्या तोंडात आहे," असे सांगून त्यांनी साहेबाला परत पाठवले होते.

दुपारी ते जेवायला बसले. चुलीशेजारी दोन पातेली दिसली.

"एकच भाजी दोन पातेल्यांत कशाला गं?"

सून गडबडली. "असंच, बाबा."

"मोठ्यातली वाढ बघू."

तिने नाइलाजाने वाढली. काकांनी घास घेतला. "मीठच नाही हिच्यात."

"आम्हाला सगळ्यांना पुरतं तेवढं आहे," सून खाली बघत म्हणाली. "तुमची मी वेगळी काढते. दुप्पट मीठ घालून."

"कधीपासून?"

"तीन महिने होतील. तुम्ही रोज ताट सरकवायला लागलात. म्हटलं, वयानं होतं असं, कशाला बोलून दाखवायचं. पाण्याचं माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

काकांचा हात ताटातच राहिला. तीन महिने! याच जिभेच्या भरवशावर त्यांनी रोज तासभर जास्त पंप चालवला होता.

निवृत्तीला सात महिने उरले होते. यंदा पाऊस कमी, असे म्हणून वेळ मारून नेता आली असती. कोणी शंकाही घेतली नसती. काका उठले, हात धुतले आणि संध्याकाळी नळावर सगळ्या रांगेसमोर मुख्याध्यापिकाबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

"बाई, चहा बरोबर होता. चूक माझी. मला खारट कळेनासं झालंय. आजपासून उपसा निम्मा. घरटी दोनच कळशा मिळतील."

रांगेत मागून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे मीटर बिघडला म्हणा."

"बिघडला. यंत्रासाठी अर्ज केलाय. ते येईपर्यंत दुसरा मीटर घरातलाच आहे."

दुसऱ्या दिवसापासून सून पहाटे पंपघरात येऊ लागली. घोट घ्यायची, बाहेर थुंकायची. "खारट आहे अजून, बाबा." बायका दोन कळशांत भागवत, कुरकुरत, पण काकांच्या पायरीवर कळशी पुन्हा कोणी आदळली नाही. उलट बाईच रांगेत दरडावत, "ज्यानं चूक कबूल केली त्याला बोलू नका."

त्रेचाळिसाव्या सकाळी सुनेने घोट घेतला. थुंकायला वळली आणि थबकली. दुसरा घोट घेतला. तो गिळला.

"आता पूर्ण सोडा, बाबा."

काकांनी दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचे चाक फिरवले. नळी खोकली, थरथरली आणि पाणी धो धो धावू लागले. सुनेने पेला भरून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो संथपणे रिकामा केला. त्यांना ते पाणी कालच्यासारखेच लागले.

"कसं आहे?" त्यांनी विचारले.

"गोड आहे, बाबा."

"मग गोडच," काका म्हणाले, आणि पेला धुऊन त्यांनी तिच्या बाजूच्या खिळ्याला अडकवला.