नापास कोण

“खरं सांगा अमाई, गोळ्या चुकवता ना?” दवाखान्यात नव्याने लागलेल्या एलुबेने खालमानेने विचारलं. हा प्रश्न तिला शिकवला होता तो समोर बसलेल्या अमाईने, म्हणजे फालेसीबाईनेच.

मलावी सरोवराकाठच्या त्या दवाखान्यात फालेसी अकरा वर्षं एचआयव्हीच्या पेशंटांना समजावत आली होती. स्वतःही पेशंटच. संध्याकाळचे सात म्हणजे सात, असं बाहेरच्या बाकावर थांबलेल्या पेशंटांना ठणकावणारी. आणि आता तिच्याच रक्तात विषाणू वाढलेला, तोही लागोपाठ दोनदा. औषध बदललं नाही तर ती वर्षभरात अंथरूण धरणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण नवं औषध मोजकंच येई. त्याआधी पेशंट गोळ्या चुकवतो का, याची तीन महिने उलटतपासणी ठरलेली.

“एकही चुकवली नाही,” फालेसी म्हणाली.

“सगळे असंच म्हणतात.”

हेही वाक्य फालेसीचंच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि दुसऱ्याच क्षणी तिला एक जुना पेशंट आठवला. दोन वर्षांपूर्वी होड्या दुरुस्त करणारा कपेनी याच खुर्चीवर बसून हेच सांगत होता. तिने त्याला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा आली ती त्याच्या मरणाची खबर. तेव्हापासून गोळ्या चुकवल्या की काय होतं, ते ती बाकावर त्याचं नाव घेऊन सांगत असे.

ती उठली आणि तडक डॉक्टरांकडे गेली. महिनाभर रोज सातला तुमच्या ओट्यावर येऊन गोळी गिळते, मग रक्त घ्या, म्हणाली. डॉक्टर कुरकुरले, पण बाईचा हट्ट ओळखून होते. महिन्याने विषाणू तेवढाच निघाला.

“नापास औषध झालंय, मी नाही,” फालेसीने बजावलं. डॉक्टरांनी नव्या औषधाच्या कागदावर सही केली.

नव्या औषधाने सहा महिन्यांत रिपोर्ट स्वच्छ आला. एलुबेला रडू फुटलं. फालेसी मात्र कपेनीच्या घरी गेली. त्याची बायको नासिबेको अंगणात मासळी वाळत घालत होती.

“तुमच्या नवऱ्याने एकही गोळी चुकवली नव्हती,” फालेसी उभ्या उभ्याच म्हणाली. “चुकले मी.”

नासिबेकोचे हात थांबले नाहीत. “मला काय सांगता? रोज गोळी मीच त्यांच्या तळहातावर ठेवत होते. बाकावर सांगा.”

सोमवारी बाकावर बसायला जागा नव्हती. फालेसीने कपेनीचं नाव घेतलं आणि तो खरं बोलत होता, खोटी मी ठरले, असं सगळ्यांदेखत सांगितलं. दाराशी उभ्या नासिबेकोने तेवढं ऐकलं, मासळीची टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराची वाट धरली.